आयर्विनचे फूट, अक्काचा आयएनआर

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की 'कसं काय' नंतर येतं, आधी 'किती झालं?' येतं. विचारणाऱ्याला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते हवं असतं. पूल १९२९चा. तिथली पट्टी म्हणजे आम्हा गावभागातल्या लोकांचं पावसाळ्यापुरतं पंचांगच. ४० फूट झाले की इशारा, ४५ झाले की धोका. रिक्षावाला, भाजीवाली, दुसरीतला पोरगा, सगळ्यांना हे आकडे तोंडपाठ. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही घर सोडून विश्रामबागेत नणंदेकडे होतो आणि तिथेही रात्री उठून मोबाइलवर फूटच बघत होतो.

पत्र मात्र पुराबद्दल नाही. आणखी एका आकड्याबद्दल आहे. तो माझ्या थोरल्या बहिणीच्या रक्तातला. अक्का सातारा जिल्ह्यात असते, जावळी तालुक्यात, मेढ्याच्या वर डोंगरातल्या गावात. तो आकडा २ आणि ३ च्या मध्ये राहावा लागतो. २ च्या खाली घसरला तर हृदयात गुठळी धरून ती मेंदूकडे जायची भीती, ३ च्या बराच वर चढला तर रक्त सुरू झालेलं थांबत नाही. त्याला आयएनआर म्हणतात. कृष्णेचं पाणी किती चढलं ते मला घरबसल्या तासातासाला कळतं. अक्काच्या रक्ताचं काय झालं हे कळायला तिचा एक अख्खा दिवस आणि दोन एसट्या जातात.

मी ६७ वर्षांची, हायस्कूलमधून निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका. अक्का ७१ची. आम्हा दोघी बहिणींना एकच दुखणं आहे, एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर 'एएफ' म्हणून मोकळे होतात, अक्का 'पाखरू' म्हणते. छातीत पाखरू अडकल्यासारखं फडफडतं म्हणून.

आपल्याला हे ठाऊक असेलच, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून सांगते. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांनी मिनिटाला साठ-सत्तर वेळा नीट आवळायचं असतं. या आजारात ते मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा नुसते थरथरतात. खालचे कप्पे त्यातले काही इशारे उचलतात, काही सोडतात, म्हणून मनगटावरची नाडी कशीही चालते. मिरजेला डॉक्टरांकडे जाताना सतारमेकर गल्ली लागते. तिथे एकदा बाहेर बाकावर बसून मी माझी नाडी मोजली होती. तबल्यात ताल चुकला तर आधी ताल होता हे तरी कळतं. माझ्या नाडीत मोजायला घेतलेला दुसरा ठोका पहिल्याशी काही नातंच सांगेना. पण धडधड ही या दुखण्याची खरी भीती नव्हे. वरच्या डाव्या कप्प्याला एक छोटा खिसा असतो. कप्पा आवळत नाही, रक्त त्या खिशात साचतं, आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. एएफ असलेल्या माणसाला हा धोका साधारण पाचपट, असं अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून डॉक्टरांनी मांडलं आहे.

आमची आई १९९४ मध्ये गेली. संध्याकाळी चुलीपुढे बसली होती, हातातला उलथना पडला, तोंड वाकडं झालं. 'वारं गेलं' एवढंच निदान झालं. तिला पाखरू होतं का, हे आता कुणी सांगू शकत नाही. तिची नाडी कुणी धरली असेल तर ती शेवटच्या दिवशीच.

माझं निदान २०१७ मध्ये मोतीबिंदूमुळे झालं. ऑपरेशनच्या आधी ईसीजी काढतात, त्यात दिसलं. मला काही त्रास नव्हता. थोडी धाप लागायची, ती मी वयाच्या आणि वजनाच्या खात्यावर टाकली होती. मोतीबिंदू आणखी दोन वर्षं पिकला नसता तर काय झालं असतं याचा हिशोब मी मुद्दाम करत नाही.

मग सुरू झालं ते 'काय करायचं'. माझ्या मुलाने पुण्याहून फोनवर जितके पर्याय सांगितले तितके मी उन्हाळ्यात साड्यांच्या सेलमध्येही पाहिले नव्हते. एक म्हणजे नुसता वेग आवरायचा, मेटोप्रोलॉलसारख्या गोळीने. ठोका वेडावाकडा राहील पण पळणार नाही. दुसरं, ठोका पुन्हा ताळ्यावर आणायचा, गोळीने किंवा भूल देऊन विजेच्या झटक्याने. त्यासाठीची अमिओडॅरोन ही गोळी कामाची, पण ती थायरॉइडला, फुप्फुसाला त्रास देऊ शकते, आणि ती घेणाऱ्याची कातडी उन्हात पटकन भाजते. सांगलीचा मे महिना आपण पाहिला असेल. तिसरं ॲब्लेशन. फ्रान्सच्या बोर्दो शहरातल्या हायसागेर या डॉक्टरांच्या चमूने १९९८ मध्ये दाखवून दिलं की हे खोटे ठोके बहुतेक वेळा फुप्फुसाकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उगवतात. मांडीच्या शिरेतून तार वर नेऊन त्या तोंडांभोवती डाग द्यायचा, म्हणजे शेताला कुंपण घातल्यासारखं. काही लाखांचा खर्च, पुणं किंवा मुंबई, आणि काहींना पुन्हा एकदा करावं लागतं.

मुलाचं म्हणणं, 'आई, करून टाक.' आजकालची मुलं हृदयाचंही अपडेट करायला निघतात. मी डॉक्टरांना आकडे विचारले. त्यांनी माझा स्वभाव ओळखून नीट सांगितले. २००२ मध्ये चार हजारांहून जास्त रुग्णांवरचा अफर्म नावाचा अभ्यास आला. ठोका ताळ्यावर आणायची औषधं घेणारे आणि नुसता वेग आवरणारे, दोघांच्या मरणाच्या आकड्यांत फरक निघाला नाही. नंतर २०२० मध्ये युरोपातल्या एका अभ्यासात निघालं की निदान झाल्यापासून वर्षभराच्या आत ठोका ताळ्यावर आणायचे प्रयत्न केले तर पुढचे अर्धांगवायूचे झटके कमी होतात. म्हणजे लवकर गाठलं तर एक उत्तर, उशिरा गाठलं तर दुसरं. माझा डावा कप्पा तोवर चांगलाच मोठा झालेला होता, दुखणं किती वर्षांपासून मुरलंय कुणास ठाऊक. मी वेग आवरायचं ठरवलं. आमच्या ओळखीतल्या एका पंचेचाळिशीतल्या द्राक्ष बागायतदाराने ॲब्लेशन करून घेतलं आणि त्याने बरोबरच केलं असं मला वाटतं. त्याला फवारणीचा पंप पाठीवर घेऊन बागेत उभं राहायचं होतं. मला नातवाला गणित शिकवायचंय, त्याला धाप कमी लागते. (नातवामुळे लागते ती वेगळी.)

या तिन्ही वाटांवर एक गोष्ट मात्र बहुतेकांना चुकत नाही: रक्त पातळ ठेवायची गोळी. ती कुणाला लागते हे ठरवायला डॉक्टर गुण देतात. रक्तदाब, मधुमेह, हृदय कमजोर, आधीचा झटका, वय, असे. शिक्षिका म्हणून मला मौज वाटली की या परीक्षेत कमी गुण मिळवणारा पुढे. बाई म्हणून मला एक गुण जास्तीचा होता. २०२४ मध्ये युरोपच्या हृदयतज्ज्ञांनी तो काढून टाकला. तरीही मी नापास ती नापासच, गोळी चुकत नाही. ॲस्पिरिनवर भागत नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे दर तिसऱ्या घरात ॲस्पिरिनची छोटी गोळी असते आणि 'मी रक्त पातळ करायची घेतेय की' असं सांगून माणसं निश्चिंत झोपतात. रक्त पातळ करायची जुनी गोळी वॉरफरिन न चालणाऱ्या साडेपाच हजार एएफ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०११ मध्ये छापून आला. त्यात ॲस्पिरिनऐवजी अपिक्सॅबान ही नवी गोळी घेतलेल्यांत झटके निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव जवळपास तेवढाच राहिला.

मला पहिल्यांदा ॲसिट्रोमच, म्हणजे वॉरफरिनसारखीच जुनी गोळी, दिली होती. नव्या गोळ्या तेव्हा पेन्शनला पेलणाऱ्या नव्हत्या. ॲसिट्रोम स्वस्त, पण मोठी मानी. मेथी, पालक, शेपू, चाकवत जास्त खाल्लं की आकडा खाली, नाही खाल्लं की वर. अँटिबायोटिक सुरू केलं की वर. गुडघा दुखतो म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक आणली की रक्तस्रावाचा धोका आणखी एक पायरी चढला. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी डिसेंबरात खायची नाही असं नाही, रोज सारखी खायची. सारखी म्हणजे किती हे कुठल्या सुनेला सांगायचं?

२०१९च्या पुरात माझ्या गोळ्या देवघराच्या कपाटात राहिल्या आणि कपाट पाण्यात. तीन दिवसांनी ओळखीच्या औषध दुकानदाराने नव्या दिल्या. पण तपासणी तीन आठवडे झाली नाही, लॅबच पाण्यात होती. या दिवसांत पालेभाजी डोळ्यांना दिसली नाही, खिचडी आणि बिस्किटं. पाणी ओसरल्यावर लेप्टोची खबरदारी म्हणून डॉक्सिसायक्लिन मिळाली, ती योग्यच होती, मी घेतली. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा मला वाटलं चिखलाचं काही असेल. आकडा निघाला ५.८. चूक कुणाचीच नव्हती. आयर्विनचं पाणी तोवर धोक्याच्या खाली आलं होतं आणि माझं वर गेलं होतं, एवढंच.

२०२२ मध्ये अपिक्सॅबानचं पेटंट संपलं, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या, किंमत आवाक्यात आली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत याच घरातली डॅबिगॅट्रान आली. डॉक्टरांनी माझी गोळी बदलली. सकाळी एक, रात्री एक. आयएनआर नाही, मेथीची भीती नाही, वर्षातून एकदा-दोनदा किडनीची तपासणी. मी सुटले. आणि मला पहिली आठवण अक्काची झाली. तिलाही हीच सुरू करू या म्हणून मी तिचे कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी अक्काचा ईको पाहिला आणि मान हलवली.

अक्का आठ-नऊ वर्षांची असताना तिचा घसा धरला, मग सांधे सुजले. गुडघा उतरला की घोटा, घोटा उतरला की मनगट. महिनाभर ती घोंगडीवर पडून होती. आजीने निर्गुडीचा पाला बांधला, सांधे बरे झाले, आणि घरात सगळ्यांना वाटलं की दुखणं गेलं. ते हृदयाच्या झडपेत जाऊन बसलं होतं. तिशीत बाळंतपणात धाप लागली तेव्हा कळलं की मिट्रल झडप चिकटून अरुंद झालीये. पुढे पुण्याला फुगा घालून ती उघडली, पण अर्धवटच. अशा संधिवाताच्या तापाने अरुंद झालेल्या झडपेवर नवी गोळी चालत नाही. ही नुसती डॉक्टरांची सावधगिरी नाही. २०२२ मध्ये 'इन्व्हिक्टस' नावाचा मोठा अभ्यास छापून आला. २४ देश, साडेचार हजार रुग्ण, दिल्लीच्या एम्समधले डॉ. गणेशन कार्तिकेयन त्याच्या प्रमुखांपैकी एक. रुग्ण सरासरी पन्नाशीचे, आणि त्यांत शंभरातल्या बहात्तर बाया. सगळ्यांना वाटलं होतं की नवी रिव्हरॉक्सॅबान निदान बरोबरी तरी करेल. उलटं झालं. जुनी, कटकटीची, मेथीवर रुसणारी गोळी घेणाऱ्यांत मरणं कमी झाली.

म्हणजे एकाच आईच्या दोन मुली, एकच दुखणं. मला पर्याय आहेत, तिला एकच. आणि तो एकही आयएनआर मोजल्याशिवाय धड पर्याय होत नाही.

'अशा किती असतील?' असं मंत्रालयात कुणीतरी विचारेल, म्हणून. भारतातल्या हृदयठोक्याच्या तज्ज्ञांच्या संस्थेने चोवीस रुग्णालयांतल्या दीड हजार एएफ रुग्णांची नोंद केली, ती २०१७ मध्ये छापून आली. त्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांना संधिवाताच्या तापाचा झडपेचा आजार होता. सरासरी वय पंचावन्नच्या आत. मोठ्या रुग्णालयांतली नोंद आहे, गावागावांतली नाही, हे मान्य. पण युरोप-अमेरिकेत एएफ हा म्हाताऱ्यांचा आजार, आपल्याकडे त्यातला मोठा हिस्सा घसा धरलेल्या पोरींचा आहे, एवढं त्यातून नक्की दिसतं. नव्या गोळ्या स्वस्त झाल्या म्हणून आयएनआरचा प्रश्न मिटला असं कुणी आपल्याला सांगितलं तर त्याला अक्काकडे पाठवा.

आता अक्काचा तपासणीचा दिवस. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या. म्हैस शेजारणीवर सोपवायची. तासभर उतरून रस्त्यावर यायचं, मेढा, मेढ्याहून सातारा. बाईमाणूस म्हणून तिकीट अर्धं, त्याबद्दल ती सरकारला दुवा देते. लॅबमध्ये रक्त द्यायचं, स्टँडवर भेळ खाऊन बसायचं, कारण रिपोर्ट संध्याकाळी, आणि संध्याकाळपर्यंत थांबलं तर वरची गाडी चुकते. म्हणून आता रिपोर्ट वाशीला जातो. तिचा मुलगा तिथे मार्केटमध्ये माथाडी आहे. तो पाठीवरची गोण उतरवून मोबाइल बघतो, डॉक्टरांना फोन लावतो, मग आईला लावतो, रेंज असली तर लागतो. 'आई, शनिवार-रविवार तीनची, बाकी दोनची.' ती शेजारच्या पोरीकडून कालनिर्णयवर लिहून घेते. कालनिर्णयच्या प्रत्येक चौकोनात तिथीच्या खाली २ किंवा ३, म्हणजे त्या दिवशी कितीची गोळी. मागच्या दिवाळीत मी ते कॅलेंडर पाहिलं. संकष्टीच्या चौकोनात ३ होता आणि त्यावर खूण होती, म्हणजे त्या दिवशी उपास होता तरी गोळी घेतली.

ही तपासणी महिन्याला व्हायला हवी. अक्काची तीन महिन्यांनी होते. पावसाळ्यात चार. नांगरट-पेरणी असली की 'बघू'. २०२३च्या पावसाळ्यात तिचा आकडा १.३ वर होता आणि तिला ते सहा आठवड्यांनी कळलं. दीड महिना ती गोळी खात होती आणि गोळी काम करत नव्हती.

एकदा तर तिने दहा दिवस गोळी बंदच केली. गावात कुणीतरी सांगितलं, 'हे उंदराचं औषध हाय.' आता गंमत अशी की ते खोटं नाही. अमेरिकेत १९२०च्या दशकात कुजका गवताळ चारा खाऊन गुरं रक्त वाहून मरायला लागली. १९३३च्या हिवाळ्यात एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताची कासंडी गाडीत घालून बर्फातून विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात पोचला. तिथल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्यातला गुन्हेगार पदार्थ सापडला. त्याच्या भावंडाला वॉरफरिन नाव मिळालं, १९४८ मध्ये ते उंदीर मारायला विकायला काढलं, १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं आणि १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेच दिलं. अक्काची ॲसिट्रोम याच घराण्यातली. मी तिला फोनवर हे सगळं सांगितलं. आयझेनहॉवरचं तिच्यावर काही झालं नाही. कालवडीचं झालं. 'म्हंजी म्हशीला बी असं व्हईल?' आणि गोळी सुरू झाली.

मंत्रीमहोदय, आपल्या खात्याने साताऱ्यात एक चांगलं काम केलेलं आहे, तिथूनच मी मागणीला येते. उच्च रक्तदाबावर देशभर जो कार्यक्रम २०१७च्या अखेरीस सुरू झाला त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले चारच जिल्हे होते, भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि सातारा. त्यामुळे अक्काच्या गावाखालच्या आरोग्य केंद्रात आज बीपी मोजलं जातं, कार्डावर लिहिलं जातं, अम्लोडिपिन फुकट मिळते, आणि महिना चुकला तर फोन येतो. शहरातल्या माझ्या बहुतेक मैत्रिणींना अशी निगुती मिळत नाही.

मागच्या वर्षी मी अक्काबरोबर एका उपकेंद्रात गेले होते. तिच्या दंडाला पट्टा बांधला, यंत्र घुरघुरलं, आकडा आला, आणि पडद्यावर हृदयाचं छोटं चिन्ह लुकलुकायला लागलं. तिथल्या मुलीने यंत्र हलवलं, म्हणाली, 'सेल संपत आलेत वाटतं.' पुन्हा मोजलं, आकडा वीसने वेगळा, चिन्ह पुन्हा लुकलुकलं. ते चिन्ह ठोका अनियमित असल्याचं होतं. त्या पोरीला कुणी सांगितलेलंच नव्हतं, आणि एएफमध्ये असं यंत्र बीपीसुद्धा कधी कधी गंडवतं हेही सांगितलेलं नव्हतं. अक्काचं निदान आधीच झालेलं होतं म्हणून बिघडलं काही नाही. पण त्या दिवशी बाकावर आणखी अकरा माणसं होती आणि मी गणिताची शिक्षिका आहे. गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या खेड्यांत आरोग्य सेविकांनी मोबाइलच्या मदतीने चाळिशीपुढच्या दोन हजार लोकांचे ठोके तपासले होते, त्यात शंभरामागे दीडच्या वर एएफ निघाला. तोच हिशोब सातारा आणि सांगलीला लावून पाहा. दोन्ही जिल्ह्यांतले चाळिशीपुढचे लोक काही लाख आहेत.

म्हणून पहिली मागणी बिनपैशाची आहे. बीपीचा पट्टा सोडला की अर्धा मिनिट तीन बोटं मनगटावर ठेवायची. कार्डावर एक रकाना वाढवायचा: नाडी नियमित, अनियमित. अनियमित असेल तर ईसीजी. प्रत्येक अनियमित नाडी एएफची नसते, म्हणूनच ईसीजी.

इथे मला थोडं थांबायला हवं. मी तीस वर्षं शाळेत होते आणि मला ठाऊक आहे की 'फक्त एक रकाना' या शब्दांनी किती माणसांचं आयुष्य खाल्लं आहे. जनगणना, मतदार यादी, खिचडीचा हिशोब, प्रत्येक वेळी वरून कुणीतरी हेच म्हणालं होतं. आशाताईंचं मानधन आणि त्यांच्या पिशवीतल्या वह्यांची जाडी मी पाहिलेली आहे. तेव्हा हा रकाना टाकायचा असेल तर दुसरा एखादा काढा. कोणता, ते त्यांनाच विचारा, त्या एका दमात चार सांगतील.

दुसरी मागणी पैशाची आहे. साखर मोजायच्या यंत्रासारखंच आयएनआर मोजायचं छोटं यंत्र मिळतं. बोटाला सुई, एक थेंब, मिनिट-दोन मिनिटांत आकडा. त्याच्या पट्ट्या महाग आहेत, माझ्या पेन्शनला आणि अक्काच्या म्हशीला परवडत नाहीत. पण एका तालुक्यात असे रुग्ण किती? त्यांची यादी आपल्याकडे नाही, आणि ती करणं हेच पहिलं काम. जावळीत मेढ्याला, पाटणला, जत-आटपाडीत, ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला वार, यंत्र, पट्ट्या, आणि आकडा पाहून 'दोन की तीन' एवढं सांगणारा प्रशिक्षित माणूस. सातारा-सांगलीतले तज्ज्ञ फोनवर आहेतच. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले, ही मोठी गोष्ट आहे. पण जी तपासणी तिथे होतच नाही ती मोफत असून अक्काला काय?

फुले जनआरोग्य योजनेत झडपेचं ऑपरेशन होतं, ते अनेकांनी करून घेतलं आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मला खटकतं ते इतकंच की कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या माणसालाही हीच ॲसिट्रोम किंवा वॉरफरिन आयुष्यभर लागते, त्यालाही नवी गोळी चालत नाही. त्याच्या झडपेवर सरकार लाखभर खर्च करतं, आणि ती झडप गुठळीने बंद पडू नये म्हणून लागणाऱ्या बोटाएवढ्या पट्टीसाठी त्याला एसटीच्या स्टँडवर भेळ खात बसावं लागतं.

आणि तिसरं, घशाचं. ही मागणी अक्काची, माझी नाही. तिने निरोप दिलाय की शाळेतल्या पोरींचा घसा धरून मागून सांधे सुजले तर 'वाढीचं दुखणं' म्हणून निर्गुडी बांधत बसू नका म्हणावं सगळ्यांना. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वेळेत सुरू झालं असतं तर तिची झडप कदाचित इतकी गेली नसती. हे तिला चाळीस वर्षांनी कळलं, आणि ते सांगताना ती रागावलेली नव्हती. मी होते.

मला पुष्कळ जण म्हणतात की तिला सांगलीला घेऊन ये. मिरजेत १८९४ पासून डॉ. वान्लेस यांच्यामुळे हॉस्पिटलांचं गाव वसलंय, कर्नाटकातून लोक रेल्वेने येतात, तुझ्या घरापासून अर्ध्या तासात आयएनआर. आणलं होतं. २०२१च्या उन्हाळ्यात दोन महिने राहिली. आकडा सुरेख, २.४, २.६, २.५. जुलैमध्ये आयर्विन पुन्हा पन्नासच्या वर गेला, आम्ही पुन्हा विश्रामबागेत. पाणी उतरल्यावर तिने पिशवी भरली. 'तुमच्याकडं पानी चढतंय, माझ्याकडं निदान उतरतंय तरी,' म्हणाली आणि गेली. म्हैस व्यायली होती.

या आठवड्यात तिची गोळी सोमवार ते शुक्रवार २, शनिवार-रविवार ३. पुढची तपासणी २१ तारखेला. मेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्या दिवशी तिला एक थेंब देता येईल का, एवढं कळवावं.

आपली,
गावभागातली एक निवृत्त शिक्षिका,
सांगली